दारात बोलेरो, पण आधी हिशेब

मंडळी, हातकणंगले तालुक्यात कुठल्याही गावी लग्नाला जा, मांडवाबाहेर एखादी तरी पांढरी बोलेरो उभी दिसेल. उसाचे बिल जमा झाले की पुष्कळ घरांत विषय निघतो, "यंदा बोलेरो घ्यायची का?" तुमच्याही घरी निघाला असेल, तर थोडे बोलू या.

महिंद्रांची ही गाडी २००० साली बाजारात आली. ती नाशिकच्या कारखान्यात तयार होते. दिसायला चौकोनी, आत फारसा थाट नाही. तरी खेड्यात ती खपते, कारण ती आपल्या रस्त्याला पुरी पडते. खाली ट्रकसारखी वेगळी चेसिस, मागे पाटे आणि जमिनीपासून सुमारे १८० मिलिमीटर उंची. उसाच्या ट्रॉल्यांनी पाणंदीत चाकोऱ्या पाडल्या, की लहान मोटार पोटावर टेकते. ही निघून जाते. इंजिन दीड लिटरचे, तीन सिलिंडरचे, डिझेलवर चालणारे. पळण्यापेक्षा ओढण्याला चांगले. गावोगावच्या मिस्त्रींना ही गाडी पाठ असते आणि विकायला काढली तर गिऱ्हाईकही मिळते.

गाडीची लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन १५०० सीसीच्या आत असल्याने सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावरचा जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी २८ टक्के आणि वर उपकर होता.

आता दुसरी बाजू. पाट्यांमुळे रिकामी गाडी मागे उसळते. सातजणांची म्हणतात, पण शेवटचे दोघे आडव्या बाकांवर बसतात. आपण नेमकी लेकरे तिथे कोंबतो. एअरबॅगा पुढच्या दोघांपुरत्याच असतात. तेव्हा मुले मधल्या बाकावर, पट्टा लावूनच बसवा. आणखी एक. पांढऱ्या नंबरपाटीच्या गाडीत भाड्याने माणसे नेऊ नका. अपघात झाला तर विम्याची भरपाई अडते.

खरा प्रश्न पैशाचा आहे. कर्जाचा हप्ता दर महिन्याला दारात येतो, उसाचे बिल मात्र हंगामात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ते १४ दिवसांत मिळायला हवे. पण दरवेळी तसे घडतेच असे नाही, हे तुम्ही जाणता. म्हणून हप्ता उसावर टाकू नका. दर दहा दिवसांच्या दूधबिलातून पेंड, वैरण आणि घरखर्च वजा करा. उरलेल्या पैशात हप्ता, डिझेल आणि विमा बसतो का ते पाहा. बसत नसेल, तर सहामाही वा वार्षिक हप्ता मिळतो का ते बँकेत विचारा. तेही जमत नसेल, तर एक हंगाम थांबा.

हा हिशेब एकट्याने करू नका. घरच्या लक्ष्मीला शेजारी बसवा. घरात काय उरते ते तिच्याइतके कोणाला ठाऊक? गाडी दारात शोभावी, पण तिच्यापायी गोठ्यातली म्हैस विकावी लागू नये, एवढेच सांगणे.