घसारा

वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमात घसारा नावाचं एक प्रकरण असतं. यंत्र घेतलं की दरवर्षी त्याची थोडीथोडी किंमत वहीत उतरवत जायची. सरळ रेषेनं उतरवा नाहीतर घटत्या शिलकेनं, शेवटी यंत्र भंगारात जातं आणि विद्यार्थी बँकेत. ज्या कुणी हा शब्द मराठीत रूढ केला त्याला माझा साष्टांग नमस्कार. इंग्रजीतल्या शब्दात नुसती किंमत उतरते. आपल्या शब्दात वस्तू आधी घासली जाते आणि मग किंमत उतरते. ही घासाघीस उघड्यावर, भर चावडीसमोर बघायची असेल तर कुठल्याही गावात जाऊन ट्रॅक्टरचं अंग बघावं.

माझं भांडण एका वाक्याशी आहे. ‘‘ट्रॅक्टरच तो, चिखलातच जायचा, त्याच्या रंगाकडं काय बघायचं?’’ शेती-कर्जाच्या टेबलावर बसल्यापासून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की त्याचा रबरी शिक्का करून घ्यावा असं वाटतं. आणि गंमत अशी की, हे म्हणणाऱ्याच्या घरात टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी असते, सुटकेसला खोळ असते आणि त्या खोळीला मळू नये म्हणून आणखी एक चादर असते. दोनशे रुपयांचा रिमोट दिगंबर फिरता कामा नये, आणि सात-आठ लाखांचा ट्रॅक्टर मात्र कडुलिंबाखाली उघडाबोडका! त्याच्या स्टिअरिंगवर रात्री कोंबड्या मुक्कामाला. पक्ष्यांच्या विष्ठेतलं आम्ल रंगाला खातं हे कोंबडीला ठाऊक नसणार, पण मालकाला असायला काय हरकत आहे?

तुम्ही म्हणाल, आम्ही फ्लॅटमधली माणसं, आम्हांला ट्रॅक्टरशी काय कर्तव्य? वाचकहो, गावाकडं तुमचा एखादा भाऊ, चुलतभाऊ नाहीतर मेहुणा आहेच. आणि त्याच्या कर्जाच्या कागदावर ‘जामीनदार’ या शब्दापुढं सही कुणाची आहे ते एकदा घरी जाऊन आठवा.

प्रतिपक्षाचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, हे कबूल केलं पाहिजे. एक दादा मला म्हणाले, ‘‘साहेब, गंज चढला म्हणून नांगर चालायचा थांबतो का?’’ नाही थांबत. इंजिनाचा ठोकळा, गिअरची पेटी, ही सगळी जाड ओतीव कामं. त्यांच्यावर गंजाचा थर बसला तरी नातवंडांपर्यंत टिकतील. पण बॉनेट, मडगार्ड, पाय ठेवायचा पाटा, बॅटरीखालची तबकडी हे सगळं पत्र्याचं काम आहे. पत्रा आतून बाहेरून गंजू लागला की दहा-बारा पावसाळ्यांत त्याची चाळणी व्हायला वेळ लागत नाही. रंग म्हणजे पत्र्याची पावडर-लाली नव्हे, ते त्याचं कातडं आहे. कातडं खरचटलं तर आपण हळद दाबतो. पत्रा खरचटला तर म्हणतो, ‘‘चालायचंच!’’ याच दादांच्या सोयाबीनवर तांबेरा दिसला की ते रात्री झोपत नाहीत, पहाटे पाठीवर पंप बांधून फवारायला निघतात. ट्रॅक्टरवरच्या तांबेऱ्याला मात्र कुणी फवारणी विचारत नाही.

१९०३ साली किर्लोस्करांचा लोखंडी नांगर निघाला तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो घ्यायला बिचकत होते. आज उलटा न्याय सुरू आहे. जमिनीत घालायचं खतच लोखंडाला खातं. युरिया हवेतलं पाणी ओढून घेतो, सुपर फॉस्फेट आंबट, आणि पोटॅश म्हणजे तर मिठाचं सख्खं चुलतभावंड. आणि आपण काय करतो? रिकामं खताचं पोतं घडी घालून मडगार्डवर अंथरतो, वर माणूस बसवतो! मडगार्ड हे बसायचं ठिकाण नव्हे, तिथून घसरलेला माणूस थेट मागच्या चाकाखाली जातो, ही गोष्ट रंगाहून फार मोठी आहे. पण जीव वाचला तरी ते ओलसर पोतं आणि त्यावरचा तो ऐसपैस माणूस दोघं मिळून दिवसभर पत्र्याला घासकागद मारत असतात. संध्याकाळी तेच पोतं बॉनेटवर बांधायचं. का, तर रंग राहावा म्हणून!

दुसरी जमात आहे चकाकीवाल्यांची. यांचा ट्रॅक्टर धुऊन झाला की त्यावर डिझेलचं फडकं फिरतं. झकास! नवरदेवासारखा चमकतो, तासभर. मग वाटेवरची सगळी धूळ त्या तेलकट अंगाला चिकटते, स्टिकरचे कोपरे सुटतात, रबरी पाइप फुगतात. अरे, फाळाला हंगाम संपल्यावर जुनं ऑइल जरूर फासा, तो उघडा पोलादाचा तुकडा आहे, बॉनेटला कशाला? आणि कोरडं फडकं तर त्याहून वाईट. काळ्या मातीची बारीक कच अंगावर असताना कोरडं पुसणं म्हणजे घासूनच काढणं. आधी सावलीत, पत्रा निवल्यावर, भरपूर पाणी. मग गाडीचा साबण. कपड्यांची पावडर नको, ती मेणाचा थर नेते. मग ओलं फडकं, शेवटी कोरडं. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा मेणाचं पॉलिश. मडगार्डच्या आतल्या बाजूला चिकटलेला चिखल उकरून काढायचा, कारण गंज तिथूनच निघतो आणि बाहेर येऊन तोंड दाखवतो. खपली उडालीच तर घासकागद, रेड ऑक्साइड आणि वर दोन हात रंग. लोंबणारी साखळी जिथं आपटते तिथं जुन्या ट्यूबचा तुकडा बांधायचा. यात कसलं विज्ञान आहे? स्वयंपाकघरातला लोखंडी तवा आपल्या आईला यापेक्षा जास्त कळत होता.

खरी फजिती विकायच्या दिवशी होते. दलाल इंजिन नंतर ऐकतो, आधी अंग बघतो. मग मालक घाईघाईनं सगळ्या ट्रॅक्टरवर रंगाचा फवारा मारून आणतो. दलालही कच्चा नसतो. तो रबरी पाइपवर, बोल्टच्या खाचेत, दिव्याच्या कडेला उडालेले नवे शिंतोडे नखानं खरवडतो आणि विचारतो, ‘‘मालक, खाली काय दडवलंय?’’ मूळचा रंग थोडा फिका असला तरी साक्षीदार म्हणून चालतो. नवा रंग म्हणजे आरोपीचा वकील. आणि किंमत पडली तरी बँकेचा हप्ता पडत नाही. कर्ज पाच ते नऊ वर्षं, घसारा वर्षाचे बारा महिने.

आमच्या भाषेत असा ट्रॅक्टर बँकेकडे नजरगहाण असतो. म्हणजे वस्तू तुमच्या दारात, हक्क आमचा आणि नजरही आमचीच. म्हणून मडगार्डवर बँकेचं नाव रंगवून घ्यायचं असतं. तपासणीला गेलो की मला नेहमी एकच देखावा दिसतो: बाकीचं मडगार्ड तांबूस, खडबडीत, आणि त्यातून बँकेचं नाव ठसठशीत, कारण पेंटरनं तिथं ऑइलपेंटचे दोन थर जास्त दिलेले. रंगानं पत्रा टिकतो की नाही, याचा यापेक्षा मोठा पुरावा मी कुठून आणू? साक्षात आमच्या साहेबांची अक्षरं साक्षीला उभी आहेत.

लिंबू-मिरचीला माझा विरोध नाही. बँकेची नजर लागली तर तिच्यावर उतारा हवाच. फक्त ती रेडिएटरच्या जाळीला चिकटवून बांधू नका, सडलं लिंबू पत्र्यावर ठिबकतं. जरा लोंबती बांधा, पत्र्याला न लागेल अशी. खंडेनवमीला हळद-कुंकू लावा, पण दुसऱ्या दिवशी धुवा. आणि नारळ बंपरवर नको. समोर एक दगड ठेवा, त्याच्यावर फोडा. खोबऱ्याची चव तीच लागते, मी खाऊन पाहिलं आहे.