आशीर्वाद पुष्कळ, कडबा कोण देणार?



जर्मनीत बव्हेरियातल्या बाड ट्योल्झ गावी दरवर्षी ६ नोव्हेंबरला जनावरांचा राखणदार संत लिओनार्ड याचा सण असतो. चार-चार घोडे जुंपलेल्या सजवलेल्या गाड्या निघतात, पाद्री घोड्यांना आशीर्वाद देतो. हा त्यांचा पोळाच! तिथे नांगर ट्रॅक्टरने नेला, घोडा हौसेला उरला.

आपला बैल हौसेचा नाही. कोरडवाहू कपाशीत डवरा आजही तोच ओढतो. म्हातारा बैल विकायचा, त्यात भर घालून गोऱ्हा आणायचा, हा आपला हिशेब. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीने तो मोडला. पोळ्याला हार घालणारे पुढारी पुष्कळ. थकलेल्या बैलाला कडबा घालायला एकही येत नाही. पोसायचे आम्ही, तर विकायचा निर्णयही आमचाच हवा.