विश्लेषण : घरचे फोटो-व्हिडीओ साठवायला कोणती हार्ड डिस्क घ्यावी? आवाज, खारी हवा आणि वाढत्या किमतींचे गणित काय?

वसई किल्ल्याला लागून, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे पाचूबंदर वसले आहे. दाटीवाटीची घरे, बांबूंवर वाळणारे बोंबील आणि बारा महिने खारी हवा. अशा वस्तीतही हळदीचे, लग्नाचे, सणांचे व्हिडीओ आता फोनमध्ये मावेनासे झाले आहेत. फोन समुद्रात पडला किंवा बिघडला, की सगळ्या आठवणी त्याच्यासोबत जातात. त्यावर हार्ड डिस्क हा सोपा उपाय. मात्र टीव्ही बघायची आणि झोपायची खोली एकच असेल, तर घरघरणारी डिस्क नकोशी होते. खाऱ्या हवेत ती किती टिकेल, हा प्रश्न वेगळाच.

हा प्रश्न आताच का?

गुगल फोटोजवर अमर्याद मोफत साठवणीची सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. आता फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबी मोफत मिळतात. दुसरीकडे, जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. एआयसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरची मागणी प्रचंड वाढल्याने २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरी आणि स्टोरेज महागले. २०११ मध्ये थायलंडमधील पुराने कारखाने बुडाले, तेव्हाही जगभर डिस्कचे भाव चढले होते. पुरवठादार मोजकेच असले, की दूरच्या घडामोडीची झळ घरगुती ग्राहकालाही बसते.

किती जागा लागते?

फोनवर चित्रित केलेला फोर-केचा एक मिनिटाचा व्हिडीओ साधारण १७० ते ४०० एमबी होतो. म्हणजे तासाला फार तर २४ जीबी. ४ टीबीच्या डिस्कमध्ये असे दीडशे तासांहून अधिक चित्रीकरण मावते. विंडोजवर ही डिस्क ३.६ टीबीच दिसते. ती फसवणूक नव्हे, मोजण्याच्या दोन पद्धतींमधला फरक आहे. बहुतेक घरांना याहून मोठी डिस्क लागत नाही.

आवाज कशामुळे येतो?

डिस्कमध्ये तबकड्या फिरतात आणि त्यांच्यावरून वाचणारा हेड मागेपुढे सरकतो. घरघर फिरण्याची, तर कटकट हेडची. मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणारी डिस्क ७२०० वाल्यापेक्षा सहसा शांत आणि थंड असते. ४ टीबीच्या अशा डिस्कचा आवाज नुसती फिरताना २५ डेसिबलच्या आसपास असतो. मोठ्या, वेगवान डिस्क काम करताना ३० डेसिबलच्या वर जातात.

व्हिडीओ बघण्यासाठी जास्त वेग लागतच नाही. भारी दर्जाच्या फोर-के चित्रपटालाही सेकंदाला १०-१२ एमबी पुरतात. ५४०० फेऱ्यांची डिस्क त्याच्या कितीतरी पट वेगाने वाचते. मात्र पाकिटावरील 'श्रेणी' या शब्दाकडे लक्ष हवे. '५४०० श्रेणी' असे छापलेल्या वेस्टर्न डिजिटलच्या काही डिस्क प्रत्यक्षात ७२०० वेगाने फिरतात, हे २०२० मध्ये समोर आले होते. लाकडी कपाटावर ठेवलेली डिस्क जास्त वाजते. खाली रबराची जाड पट्टी ठेवली, तरी फरक पडतो.

सीएमआर आणि एसएमआर म्हणजे काय?

सीएमआरमध्ये माहितीच्या पट्ट्या शेजारी शेजारी लिहिल्या जातात, तर एसएमआरमध्ये कौलांसारख्या एकमेकींवर चढवून. एसएमआरमुळे जागा वाचते, पण आधीचे पुसून पुन्हा लिहिताना वेग मंदावतो. वर्षातून दोनदा फोटो भरून ठेवायचे असतील, तर एसएमआर चालते. बाजारातील मोठ्या क्षमतेच्या बहुतेक पोर्टेबल डिस्क याच प्रकारच्या असतात. घरभर वापरण्यासाठी डिस्क नेटवर्कला जोडून चोवीस तास चालू ठेवायची असेल, तर 'नॅस'साठी बनवलेली सीएमआर डिस्क घ्यावी.

खाऱ्या हवेचे काय?

साध्या डिस्कला हवेचा दाब सांभाळणारे छोटे छिद्र असते. ते चिकटपट्टीने बंद करू नये. खारा दमटपणा आधी जोडण्या आणि सर्किटचा पत्रा खातो. त्यामुळे वापर नसताना डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी. चालू असताना मात्र ती मोकळ्या हवेतच हवी, नाहीतर तापते. काम झाल्यावर 'इजेक्ट' करूनच वायर काढावी. वीज वारंवार जात असेल, तर छोटा यूपीएस उपयोगी पडतो.

एसएसडी अजिबात वाजत नाही, पण तेवढ्याच जागेसाठी बरीच महाग पडते. शिवाय वीज न मिळता ती वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिली, तर तिच्यातील माहिती पुसट होऊ शकते.

सर्वांत भरवशाची डिस्क कोणती?

अमेरिकेतील बॅकब्लेझ ही क्लाउड कंपनी २०१३ पासून आपल्याकडील डिस्क किती बिघडतात याचे आकडे प्रसिद्ध करते. २०२४ मध्ये हे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होते. तेही वातानुकूलित डेटा सेंटरमध्ये. म्हणजे चांगल्यातली चांगली डिस्कही बिघडते, आणि वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतले फोटो नाही.

जुनी डिस्क नवी म्हणून माथी मारली जाण्याचा धोकाही आहे. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत हजारो तास चाललेल्या सीगेटच्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघड झाले. म्हणून पक्के बिल घ्यावे, कंपनीच्या संकेतस्थळावर सिरियल क्रमांक टाकून वॉरंटी तपासावी. क्रिस्टल डिस्क इन्फोसारख्या मोफत प्रोग्राममध्ये डिस्क आधी किती तास चालली तेही दिसते. मात्र हा आकडा बदलता येतो, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये.

मग निर्णय कसा घ्यावा?

८ टीबीची एक डिस्क घेण्यापेक्षा ४ टीबीच्या, ५४०० फेऱ्यांच्या दोन घेणे शहाणपणाचे. दोन्हींवर तेच फोटो, तेच व्हिडीओ. एक डिस्क टीव्हीजवळ राहील. दुसरी समुद्रापासून दूर, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नातेवाइकांकडे ठेवावी. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरारचे अनेक भाग पाण्याखाली गेले होते. अशा वेळी एकाच घरात ठेवलेल्या दोन्ही प्रती एकदमच भिजतात. दर सहा महिन्यांनी दुसरी डिस्क आणून नवे फोटो भरावेत आणि जुने उघडतात का, तेही पाहावे.