सूचना देणारे अ‍ॅप निजू देऊ नका

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ अ‍ॅप आसपासच्या २० व ४० किलोमीटरांच्या टापूतील विजेची सूचना देते. ते किती मोबाइलांत उतरविले याची मोजदाद करण्याकडे आपला कल असतो. त्यांपैकी किती अ‍ॅप्स जागी आहेत, हे मात्र क्वचितच विचारले जाते. आमच्या मते खरी मोजणी हीच होय.

मोबाइलमधील अँड्रॉइड ही कार्यप्रणाली बॅटरीच्या बचतीसाठी पडद्याआड चालणारी अ‍ॅप्स आपण होऊन थांबविते. २०१५ सालच्या आवृत्तीपासून, हालचालीवाचून पडून राहिलेल्या फोनमधील अ‍ॅप्सचा इंटरनेटशी संबंध मधून मधून तोडला जातो. खोपीत खुंटीला पिशवीत टांगलेला फोन तो हाच. बाजारभाव तासभर उशिरा कळला तर चालते. विजेची सूचना उशिरा येऊन उपयोग नाही. पुढे २०२० व २०२१ च्या आवृत्त्यांत, काही महिने न उघडलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या काढून घेऊन त्यास निजविण्याची सोय झाली. शहरातील ग्राहकास ती उपकारकच आहे. आपल्याकडे मात्र परतीच्या पावसानंतर मिटलेले अ‍ॅप उन्हाळ्यापर्यंत कोणी उघडीत नाही, आणि वळवाचे ढग कडाडू लागतात तेव्हा नेमके ते निजलेले असते. फोनवर चित्र दिसते, म्हणून घरचे निश्चिंत! अ‍ॅप मुळीच नसते तर माणसाने निदान आभाळाकडे पाहिले असते.

अ‍ॅपच्या चित्रावर बोट दाबून धरून ‘अ‍ॅप इन्फो’ उघडावे. तेथे ‘बॅटरी’खाली ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडावे, न वापरल्यास अ‍ॅप थांबविण्याची कळ बंद करावी आणि स्थानाची परवानगी ‘ऑल द टाइम’ ठेवावी. शब्द फोनागणिक थोडे बदलतात. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ ही निराळी परवानगीही द्यावी लागते. ‘फोर्स स्टॉप’ केलेले अ‍ॅप पुन्हा उघडेपर्यंत सूचना देत नाही, हेही घरातील मुलांस सांगून ठेवावे.

सर्वच अ‍ॅप्सना ही मोकळीक देऊ नये. तसे केल्यास दुपारपर्यंत बॅटरी संपेल, आणि वळीव बहुधा दुपारनंतरच येतो.

हे काम गुढीपाडव्यानंतरच्या पहिल्या गावभेटीत उरकावे. नोंदवहीत ‘उतरविले’ या रकान्याशेजारी ‘जागे आहे’ असा दुसरा रकाना आखावा. तो भरल्यावाचून पहिला आकडा वर पाठवू नये.