संगणकाचा लहरीपणा व आपला उतावळेपणा

सतत दुखणारा दांत मनुष्य लवकर काढवून घेतो; परंतु जो दांत आज ठणकतो, उद्यां शांत राहतो आणि वैद्याच्या दारांत पाऊल टाकतांच मुळींच दुखत नाहीं, तो वर्षानुवर्षें छळीत राहतो. यंत्रांचेंहि तसेंच आहे. जें यंत्र साफ बंद पडलें त्याचा दोष शोधणें फारसें कठीण नसतें. परंतु जें दहा दिवस निमूटपणें काम करितें व अकराव्या दिवशीं कांहींएक सूचना न देतां मध्येंच बंद पडून आपोआप पुन्हां सुरू होतें, तें घरांतील सर्वांच्या बुद्धीची, व त्याहूनहि अधिक स्वभावाची, परीक्षा पाहतें. आज पुष्कळ घरांत संगणक आहे, आणि त्याच्या या लहरीपणाचा अनुभव पुष्कळांस आला असेल. अशा वेळीं आपण जें करितों तें बहुधा चुकीचें असतें, आणि त्या चुकीची किंमत केवळ पैशांत मोजतां येत नाहीं, असें माझें मत आहे. तें मत अनुभवानें बनलेलें असल्यामुळें प्रथम अनुभवच सांगतों.

आमच्या घरीं एकच संगणक आहे व तो आम्ही चौघे मिळून वापरतों. गेल्या वर्षीं पावसाळा संपतांना तो काम चालू असतां एकाएकीं काळा पडून पहिल्यापासून सुरू होऊं लागला. दिवसांतून कधीं एकदां, कधीं दोनदां. कधीं सबंध दिवसांत कांहींच नाहीं. घरांत त्यावर खेळ खेळणारा एकच, तो म्हणजे इयत्ता आठवींत शिकणारा माझा मुलगा. तेव्हां दोष त्याचाच हें मीं क्षणांत ठरवून टाकिलें. "तूं कसले तरी खेळ उतरवून घेतलेस, त्यांतून व्हायरस आला," असें मीं त्यास सुनावलें. "बाबा, मीं कांहीं केलेलें नाहीं," असें तो म्हणाला. परंतु अपराधी नेहमीं असेंच म्हणतो असें समजून मीं त्याची संगणकावरील पाळी बंद केली.

पुढें दुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थांस बोलाविलें. माझा निकाल ऐकून त्यांनींहि मान डोलाविली व संगणकास फॉरमॅट मारला. त्या गडबडींत माझ्या मुलीनें आठ दिवस खपून तयार केलेला इतिहासाचा प्रकल्प पुसला गेला. त्याची दुसरी प्रत कोणीं ठेविली नव्हती. एवढें मात्र खरें कीं पुढील चार दिवस संगणक उत्तम चालला, आणि 'पाहा, व्हायरसच होता!' असें मीं सर्वांस विजयानें सांगितलें. पांचव्या दिवशीं सायंकाळीं तो पुन्हां काळा पडला. मग मेमरीची नवी पट्टी विकत आणून बसविली. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच. पैसे गेले, प्रकल्प गेला, आणि घरांतील शांतता त्यांच्याहि आधीं गेली होती.

यापुढील काम माझ्या मुलानें केलें. आपल्यावरील आळ दूर व्हावा या हेतूनें त्यानें एक चाळीस पानी वही घेतली, तींत चार रकाने आंखले, आणि घरांतील प्रत्येकास विनंती केली कीं संगणक पुन्हां सुरू झाला कीं तारीख, वेळ, त्या वेळीं चाललेलें काम, व घरांत किंवा बाहेर त्या क्षणीं घडलेली दुसरी कोणतीहि गोष्ट, एवढें लिहून ठेवावें. तीन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. त्यांपैकीं एकींतहि खेळाचें नांव नव्हतें. नऊ नोंदी सकाळीं सहाच्या किंवा सायंकाळीं सातच्या सुमाराच्या होत्या, म्हणजे आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू होण्याच्या वेळच्या. उरलेल्या दोहोंपुढें माझ्या पत्नीनें 'दिवे क्षणभर मंद झाले' असें लिहिलें होतें. फॉरमॅट मारल्यानंतरच्या त्या चार सुखाच्या दिवसांचा उलगडाहि तेव्हां झाला. त्या दिवसांत पंप दुरुस्तीस गेला होता व आम्ही टँकरच्या पाण्यावर दिवस काढीत होतों!

आतां हा संबंध कसा तें पाहूं. मोठी मोटर सुरू होतांना क्षणभर पुष्कळ वीज ओढते व इमारतींतील दाब खालीं येतो. संगणकाच्या पेटींत वीज पुरविणारा जो भाग असतो, ज्यास बाजारांत एस. एम. पी. एस. म्हणतात, तो सेकंदाच्या सुमारें साठाव्या भागापुरता असा खंड स्वतःच सोसूं शकतो. परंतु आमचा संगणक यू. पी. एस. वर जोडलेला होता. दाब खालीं येतांच तो यू. पी. एस. संगणकाचा भार आपल्या बॅटरीवर घेई. आणि ती बॅटरी चार वर्षांची जुनी होऊन निकामी झालेली! अशा बॅटऱ्या साधारणतः तीनएक वर्षें टिकतात, आणि उष्ण हवेंत त्यांचें आयुष्य आणखी घटतें. भार पडतांच ती मान टाकी व संगणक पुन्हां सुरू होई. ज्यास आम्हीं रक्षक म्हणून ठेविलें, तोच घात करीत होता.

तरीहि मुलाचा आग्रह असा कीं एवढ्यानें निकाल लावूं नये. त्यानें यू. पी. एस. काढून संगणक सरळ भिंतींतील प्लगला जोडला. आठ दिवस कांहीं झालें नाहीं. मग त्यानें जाणूनबुजून तोच यू. पी. एस. पुन्हां लाविला, आणि दुसऱ्याच दिवशीं पंप सुरू होतांच संगणक काळा पडला. नंतर फक्त बॅटरी बदलली. त्यानंतर आजपर्यंत वहींत बारावी नोंद झालेली नाहीं. दोष नाहींसा झाला म्हणजे कारण सांपडलें असें नव्हे. दोष परत आणतां आला व पुन्हां घालवितां आला, म्हणजेच कारण सांपडलें. हा धडा मला माझ्या मुलानें शिकविला, हें येथें कबूल करणें मी कर्तव्य समजतों.

माझ्या चुका कोणत्या झाल्या? पहिली ही कीं पुरावा पाहण्यापूर्वीं मीं अपराधी ठरविला. दुसरी ही कीं एखादा उपाय केल्यानंतर चार दिवस बरे गेले एवढ्यावरून तो लागू पडला असें मीं मानिलें. जो दोष स्वभावतःच येतो आणि जातो, त्याच्या बाबतींत प्रत्येक उपाय कांहीं काळ यशस्वी दिसणारच! तिसरी ही कीं 'मला ठाऊक नाहीं' हे तीन शब्द उच्चारण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

या चुका माझ्यासारख्या अडाण्याच्याच होतात असें मात्र नाहीं. सन २०२४ मधील दोन गोष्टींची तुलना करून पाहावी. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या कंपनीनें धाडलेल्या एका सदोष फाइलीमुळें जगभर सुमारें ८५ लक्ष संगणक बंद पडले. ते सुरू होत व पुन्हां कोसळत. विमानतळ, बँका व रुग्णालयें यांचीं कामें अडलीं. निस्तरण्यास पुढें पुष्कळ दिवस लागले. परंतु कारण इतकें स्पष्ट होतें कीं ती फाइल सुमारें दीड तासांतच मागें घेण्यांत आली, कारण सर्व संगणक एकाच वेळीं व एकाच रीतीनें पडले होते. उलट, इंटेल कंपनीच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या कांहीं प्रोसेसरांमुळें संगणक अधूनमधून कोसळत असत. खेळ चालू असतां पडद्यावर पुष्कळदां 'व्हिडिओ मेमरी अपुरी आहे' अशी सूचना येई, व म्हणून लोक ग्राफिक्स कार्डास किंवा खेळास दोष देत. प्रोसेसरास अवाजवी व्होल्टेज मिळत आहे, हें कंपनीनें जाहीर करीपर्यंत २०२४ चा जुलै महिना उजाडला. आणि तेराव्या पिढीचे पहिले प्रोसेसर तर २०२२ च्या आक्टोबरांत बाजारांत आले होते! पुढें कंपनीनें त्यांची हमी तीन वर्षांवरून पांच वर्षें केली. एकीकडे दीड तास, दुसरीकडे वर्षाहून अधिक काळ. सतत दिसणारा दोष व येऊनजाऊन असणारा दोष यांत असा भेद आहे.

यावर उपाय नवा नाहीं. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं हार्वर्ड येथील मार्क टू या अवाढव्य गणकयंत्रांत बिघाड झाला. तेथील मंडळींनीं शोध घेतां एका रिलेमध्यें एक पतंग सांपडला. त्यांनीं तो नुसता झटकून टाकिला नाहीं. दुपारचे ३ वाजून ४५ मिनिटें ही वेळ, रिलेचा क्रमांक व पॅनेलचें अक्षर लिहून तो पतंगच रोजच्या वहींत चिकटविला. वॉशिंग्टन येथील वस्तुसंग्रहालयांत ती वही आज जपून ठेविली आहे. यंत्रें पुढें शतपटींनीं बदललीं. वहीची गरज मात्र बदललेली नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरीं असा प्रसंग आल्यास काय करावें तें थोडक्यांत सांगतों. सर्वांत आधीं आपल्या महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. आजारी यंत्राचा भरंवसा नसतो. मग वही घाला. संगणक बिघाडाची सूचना देणारा पडदा दाखवून थांबतो, कीं कांहींहि न दाखवितां काळा पडतो, हें पाहा. त्या सूचनेच्या पडद्यावरील संकेतशब्द लिहून घ्या. तेथें बहुधा ड्रायव्हर, मेमरी किंवा प्रणाली यांचा संशय घ्यावा. पडदा वाचण्यापूर्वींच नाहींसा होत असेल, तर विंडोजमध्यें बिघाडानंतर आपोआप सुरू होण्याची जी सोय असते तिच्यापुढील खूण काढून टाका. कांहीं न दाखवितां काळा पडत असेल, तर प्रथम वीज व उष्णता यांकडे पाहा. विंडोजची स्वतःचीहि एक वही असते; तिचें नांव इव्हेंट व्ह्यूअर. तींत 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसेल. तिचा अर्थ एवढाच कीं संगणक नीट बंद न होतां पुन्हां सुरू झाला. कां, तें ती सांगत नाहीं. ठाऊक नाहीं तें सांगावयाचें नाहीं, एवढा प्रामाणिकपणा त्या यंत्रापाशीं आहे. तो आपणांपाशींहि असावा.

त्यानंतर स्वस्त व सोप्या परीक्षा आधीं कराव्या. पंख्यांत व प्रोसेसरवरील हीटसिंकमध्यें धूळ दाटली असेल तर ती काढावी. जड काम चालू असतांच संगणक बंद पडत असेल, तर हा संशय बळकट होतो. मेमरीची परीक्षा करणारी सोय विंडोजमध्येंच असते. ती रात्रीं चालू करून ठेवावी. मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दांत मऊ खोडरबरानें हलकेच पुसून पुन्हां घट्ट बसवाव्या. मात्र आधीं प्लग काढावा व धातूच्या पेटीस हात लावून अंगांतील स्थिर वीज जाऊं द्यावी. एस. एम. पी. एस. ची पेटी विद्यार्थ्यांनीं कधींहि उघडूं नये. वीज काढल्यावरहि तिच्या आंत धोकादायक भार साठून राहूं शकतो. आणि या सर्वांवर एक नियम: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, व पूर्वीं दोष जितक्या दिवसांनीं येत असे त्याच्या निदान तिप्पट दिवस वाट पाहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्यास गुण कशाचा आला हें कधींच कळत नाहीं.

कोणी म्हणेल, "एवढा वेळ कोणास आहे? नवा संगणक आणावा व मोकळें व्हावें." ज्यांस परवडतें त्यांनीं खुशाल आणावा. परंतु आमच्या घरीं नवा संगणक आणिला असता, तर तोहि त्याच यू. पी. एस. वर जोडला गेला असता व पंप सुरू होतांच काळा पडला असता. वहींतील एका नोंदीस एक मिनिट लागतें. अकरा नोंदींचीं अकरा मिनिटें आधीं खर्चिलीं असतीं, तर मेमरीची पट्टी, मुलीचा प्रकल्प व मुलाचे कांहीं आठवडे वांचले असते.

पालकबंधुभगिनींस शेवटीं एवढीच विनंती कीं घरांतील यंत्र बिघडलें म्हणजे प्रथम मुलांकडे बोट दाखवूं नये. यंत्राचा दोष कधींतरी सांपडतो व दुरुस्त होतो. परंतु निरपराध मुलास आपण खोटा ठरविलें, तर ती गोष्ट तें मूल फार दिवस विसरत नाहीं. मीं माझ्या मुलाची क्षमा मागितली. त्यानें ती दिली, व नंतर वहीच्या पहिल्या पानावर नव्या बॅटरीची तारीख लिहून, ती तीन वर्षांनीं तपासावी अशी मला सूचना केली. ती वही आमच्या संगणकाशेजारीं खिळ्यास टांगलेली आहे.