रस्ता शिकल्याची सही

कर्जत ते लोणावळा हा भोर घाटातला चढ 1:37 आहे. म्हणजे 37 मीटर पुढे सरकताना गाडी 1 मीटर वर चढते. त्यासाठी कर्जतला मागे जादा इंजिने, बँकर, लागतात. हा घाट असो की दुसरा कोणताही मार्ग, लोको पायलटला तिथे एकट्याने पाठवण्याआधी रेल्वे एक गोष्ट पाहते: हा रस्ता त्याने शिकलाय का? वीस वर्षांचा अनुभव असला तरी नव्या सेक्शनवर आधी जाणकाराबरोबर 'लर्निंग रोड'च्या फेऱ्या कराव्या लागतात, रात्रीच्यासुद्धा. मग तो स्वतः सही करून देतो की हा मार्ग मला माहीत झाला. तीन महिने तिकडे गेला नाही, तर पुन्हा फेरी.

रेल्वेत सगळे आलबेल नाही. जागा रिकाम्या आहेत, ड्युटी लांबते, संघटना त्यासाठी भांडत असतात. पण नियमामागचा विचार पक्का आहे. माणसाला काय येते हे निव्वळ पदावरून ठरत नाही, आणि ते शिकण्याचा वेळ नोकरीतच धरलेला असतो.

पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत नेमका हाच विचार हरवला आहे.

आयटी कंपनीत प्रोजेक्ट संपला की माणूस 'बेंच'वर येतो. त्याला पुढे कुठे लावायचे हे आरएमजी, म्हणजे रिसोर्स मॅनेजमेंट ग्रुप, पाहतो. मागणी येते: जावा, पाच ते सात वर्षे, सोमवारपासून, पुण्यात. सिस्टीममध्ये शोधले की नावांची यादी निघते. त्यातल्या एखाद्याने जावाला शेवटचा हात सहा वर्षांपूर्वी लावलेला असतो. मधला काळ तो सपोर्टच्या रात्रपाळीत तक्रारींची तिकिटे बंद करत होता. हे यादीत दिसत नाही. बँकेचे कर्जखाते आतून कसे चालते, हप्ता थकला की व्याजाचा हिशेब कसा बदलतो, हे मात्र त्याला तोंडपाठ असते. त्यासाठी रकानाच नसतो. दुपारी चारला फोन येतो: उद्या अकराला क्लायंटचा इंटरव्ह्यू आहे. रात्र जागून तो उजळणी करतो, आणि निवड झाली नाही तर 'रिजेक्ट'चा शेरा त्याच्याच नावावर पडतो. त्याला तिथे पाठवणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही.

12 जून 2025 पासून टीसीएसने नवा नियम लागू केला. वर्षात किमान 225 दिवस बिल होणारे काम हवे आणि बेंचवरचे दिवस 35 च्या आत हवेत. नाहीतर पगार, बढती, परदेशातली नेमणूक, इतकेच काय, नोकरीवरही परिणाम होऊ शकतो. नवे काम मिळवण्यासाठी आरएमजीकडे पाठपुरावा करायचा तोही कर्मचाऱ्यानेच. पुढच्याच महिन्यात कंपनीने सुमारे 2 टक्के, म्हणजे 12 हजारांवर लोक कमी करण्याचे जाहीर केले, त्यात भर मधल्या आणि वरच्या फळीवर. मुख्य कार्यकारी अधिकारी के. कृतिवासन यांनी कारण एआय नसल्याचे सांगितले. कौशल्ये जुळत नाहीत आणि काहींना कामावर नेमता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

बिल न होणाऱ्या माणसाचाही पगार कंपनीला द्यावा लागतो, हे खरेच. पण कौशल्य जुळेनासे झाले ते बेंचवरच्या 35 दिवसांत नव्हे. मेनफ्रेमसारख्या जुन्या तंत्रज्ञानावर पंधरा वर्षे काढणारा तिथे बहुधा हौसेने राहत नाही. क्लायंट त्याला सोडायला तयार नसतो आणि मॅनेजर 'रिलीज' देत नाही. ज्या वर्षांत त्याचे बिल दर महिन्याला बिनबोभाट लागत होते, त्याच वर्षांत त्याचे ज्ञान जुने होत होते. त्या वर्षांची कमाई कंपनीने घेतली. मग त्याची किंमत त्याने एकट्याने का चुकवायची?

आयबीएमच्या ओएस/360 या संगणकप्रणालीचे काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 साली 'द मिथिकल मॅन-मंथ'मध्ये लिहून ठेवले की रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसे वाढवली तर तो आणखी रखडतो, कारण नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो. पन्नास वर्षांनंतरही माणसे मागवताना शिकण्याचे आठवडे कोणी मोजत नाही.

ते मोजायला हवेत, आणि तेही माणूस बेंचवर येण्याआधी. चालू प्रोजेक्टवर असतानाच आठवड्यातला एक दिवस दुसऱ्या टीमबरोबर शॅडो म्हणून बसता यावे. त्या दिवसाचा खर्च कंपनीने सोसावा. ठराविक वर्षांनी रिलीज मागण्याचा हक्क असावा आणि तो अडवायचा तर मॅनेजरने लेखी कारण द्यावे. नोंदीत 'अनुभव किती वर्षे' यासोबत आणखी दोन रकाने हवेत: हे काम शेवटचे कधी केले, आणि काय येत नाही, ते शिकायला किती आठवडे लागतील. दोन्ही कर्मचाऱ्याने स्वतः भरावेत, खाली सही करावी. दुसऱ्या रकान्यात खरे लिहिले म्हणून कोणाची नोकरी जाणार नाही, ही हमी मात्र कंपनीने आधी लेखी द्यावी लागेल.