विश्लेषण : खलनायक बदलला की चाहते का बिथरतात? ‘मँडरिन’, ‘जोकर’ आणि सांगलीकर खाडिलकरांचा ‘कीचक’

‘आयर्न मॅन’ म्हणून २००८ ते २०१९ पडद्यावर वावरलेला रॉबर्ट डाउनी ज्युनियर ‘अ‍ॅव्हेंजर्स : डूम्सडे’मध्ये ‘डॉक्टर डूम’ होणार, अशी घोषणा जुलै २०२४ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगोच्या ‘कॉमिक-कॉन’मध्ये झाली आणि चाहत्यांत लगेच दोन तट पडले. एका गटाला लाडका अभिनेता परत येतो याचाच आनंद झाला. दुसऱ्याचा सवाल होता, की १९६२ पासून कॉमिक्समध्ये स्वतःचे देश, घराणे आणि इतिहास असलेल्या खलनायकाचे आता काय होणार? माधवनगरातून सांगलीला सिनेमा पाहायला जाणाऱ्या प्रेक्षकाला हा दूरदेशीचा वाद वाटेल. पण जुन्या कथेतला खलनायक बदलून लोकांसमोर उभा करण्याचे मराठीतील सर्वांत गाजलेले उदाहरण सांगलीतच जन्मलेल्या नाटककाराचे आहे. बदल कधी पचतो आणि कधी नाही, हे त्या उदाहरणातून चांगले कळते.

‘मँडरिन’चे प्रकरण काय होते?

या वादाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे २०१३ चा ‘आयर्न मॅन ३’. ‘मँडरिन’ हा आयर्न मॅनचा कॉमिक्समधला कट्टर शत्रू. स्टॅन ली आणि डॉन हेक यांनी तो १९६४ मध्ये निर्माण केला. दहा अंगठ्यांची अद्भुत शक्ती असलेला हा चिनी हुकूमशहा आयर्न मॅनच्या तोडीस तोड मानला जाई. ‘आयर्न मॅन ३’च्या जाहिरातींत बेन किंग्जले भेदक आवाजात धमक्या देताना दिसला. पुस्तकातला मँडरिन अखेर पडद्यावर येतोय, असा सर्वांचा समज झाला.

प्रत्यक्षात चित्रपटाच्या मध्यावर कळते, की हा मँडरिन खोटाच आहे. तो ट्रेव्हर स्लॅटरी नावाचा नशेबाज ब्रिटिश नट असतो. पैसे घेऊन दहशतवाद्याची भूमिका करणारा. खरा सूत्रधार निघतो ऑल्ड्रिच किलियन हा उद्योजक.

मग चाहते चिडले का?

दिग्दर्शक शेन ब्लॅक यांच्या कल्पनेत अर्थ होता. भीतीचा चेहरा तयार करून विकणारे लोक वेगळेच असतात, हे त्यांना दाखवायचे होते. शिवाय मूळ मँडरिन निर्दोष नव्हता. लांब नखे, ताणलेल्या मिशा, पाताळयंत्री आशियाई माणूस, हा पाश्चात्त्य कथांतला जुना वंशवादी साचा होता. तो तसाच उचलणे २०१३ मध्ये शक्यही नव्हते आणि योग्यही नव्हते.

तरीही कॉमिक्स वाचत वाढलेला चाहता दुखावला. त्याच्या दृष्टीने खलनायक नुसता बदलला नव्हता, त्याचे हसे झाले होते. अर्धा चित्रपट ज्याची धास्ती घ्यायची, तो माणूसच नव्हता असे कळल्यावर नायकाच्या लढ्याचे वजनही उतरले. त्यात जाहिरातींनी भलतीच अपेक्षा वाढवून ठेवली होती.

मात्र चाहत्यांचा संताप म्हणजे सगळ्या प्रेक्षकांचे मत नव्हे. ‘आयर्न मॅन ३’ने जगभर १२० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. भारतात तो हिंदी, तमिळ, तेलुगूतही आला. येथील बहुतेक प्रेक्षकांनी १९६४ चा मँडरिन कधी वाचलाच नव्हता. त्यामुळे ट्रेव्हरच्या गमतीवर थिएटरात हसणे त्यांना जड गेले नाही. पात्रासोबत जो जितकी वर्षे राहिला, तितका त्याचा त्यावर हक्क, असे साधे गणित यामागे दिसते.

‘मार्व्हल’ने चूक दुरुस्त केली का?

केली, आणि ती टप्प्याटप्प्याने. २०१४ मधील ‘ऑल हेल द किंग’ या लघुपटात खरी ‘टेन रिंग्ज’ संघटना अस्तित्वात असून नाव चोरणाऱ्या ट्रेव्हरवर ती चिडली आहे, असे दाखवले गेले. २०२१ मध्ये ‘शांग-ची’ आला. त्यात हाँगकाँगचे दिग्गज अभिनेते टोनी लिआँग यांनी ‘वेनवू’ साकारला. दहा कडी त्याच्याकडे आहेत, हजार वर्षांची सत्ता आहे, आणि ‘मँडरिन’ हे नाव तो स्वतःच उडवून लावतो.

म्हणजे २०२१ मध्येही खलनायक बदललाच. नाव गेले, जुना साचा गेला, अंगठ्यांची कडी झाली. पण धोका राहिला. उलट मृत पत्नीच्या ओढीने तो विनाशाकडे चालला आहे हे कळल्यावर तो जास्तच खरा वाटू लागला. हा बदल चाहत्यांनी मनापासून स्वीकारला. त्यांचा आक्षेप बदलालाच असता, तर वेनवूही नाकारला गेला असता.

‘जोकर’च्या दुसऱ्या भागात काय बिनसले?

‘जोकर’ हा बॅटमनचा १९४० पासूनचा वैरी. टॉड फिलिप्स यांच्या २०१९ च्या ‘जोकर’ने १०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला आणि वाकीन फिनिक्सला ऑस्कर मिळवून दिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला दुसरा भाग ‘फोली अ दो’ गाणी आणि कोर्टरूम यांत रमला. शेवटी तर नायक आर्थर भर न्यायालयात ‘जोकर असा कोणी नाहीच’ अशा अर्थाची कबुली देतो. पहिल्या भागात ज्याचा उदय पाहून लोक थरारले, त्यालाच दुसऱ्या भागाने नाकारले. अमेरिकेत चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांची मते घेणाऱ्या ‘सिनेमास्कोअर’ने त्याला ‘डी’ श्रेणी दिली. जवळपास २० कोटी डॉलर खर्चाच्या चित्रपटाची जगभरातील कमाई त्याच घरात अडकली.

येथेही कल्पना वाईट नव्हती. हिंसक माणसाला डोक्यावर घेणाऱ्या गर्दीला आरसा दाखवायचा होता. पण त्या गर्दीत आपलीही गणना झाली, असे प्रेक्षकाला वाटले. तिकीट काढून आलेल्या माणसाला त्याच्याच आवडीबद्दल बोलणी बसली, की तो दुरावतो.

सांगलीचा याच्याशी काय संबंध?

सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. आज तो दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो. त्या परंपरेतला राक्षस राळेच्या भडक्यात, आरोळ्या ठोकत येई. त्याचा प्रवेश हाच मोठा खेळ असे. खलनायक कोण आणि तो कसा वागणार, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असे.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १८७२ मध्ये सांगलीत जन्मले. ‘केसरी’त ते लोकमान्य टिळकांचे सहकारी होते. १९०७ मध्ये त्यांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले. कथा महाभारताच्या विराटपर्वातली. अज्ञातवासात सैरंध्री म्हणून राहणाऱ्या द्रौपदीवर विराट राजाचा मेहुणा कीचक डोळा ठेवतो आणि भीम त्याला ठार करतो. आख्यान-कीर्तनांतून ही गोष्ट प्रेक्षकांच्या ओळखीची होती.

खाडिलकरांनी कीचकाचे नाव बदलले नाही, शेवटही बदलला नाही. बदलली ती त्याची भाषा. तो नुसता कामांध दांडगा राहिला नाही. सत्तेचा मद चढलेला, प्रजेला दासी समजणारा अधिकारी झाला. १९०५ ची बंगालची फाळणी आणि व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांची कारकीर्द ताजी होती. कर्झन यांचे नाव नाटकात कुठेही नाही. तरीही कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे देश, सबुरीचा सल्ला देणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांनी ओळखले. लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनीही ते टिपले. अखेर १९१० मध्ये सरकारने १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली नाटकावर बंदी घातली.

तो बदल का चालला?

तीन कारणे सांगता येतात. पहिले, कीचक पूर्वीपेक्षा जास्त धोकादायक झाला. पुराणातली भीती प्रेक्षकाच्या दाराशी आली. दुसरे, बदलाचे कारण कथेच्या आतच होते. परक्या घरात अपमान सोसणारी स्त्री आणि हतबल बसलेले तिचे लोक, हा प्रसंग मूळ कथेतच आहे. तिसरे, अर्थ लावायचे काम प्रेक्षकावर सोपवले होते. त्याला फसवले नाही, शहाणपणही शिकवले नाही. ‘मँडरिन’च्या वेळी यातली पहिली गोष्ट हुकली, ‘जोकर’च्या वेळी पहिली आणि तिसरी.

अलीकडच्या मराठी माणसाला हे जमले का?

ओम राऊत या मराठी दिग्दर्शकाच्या ‘आदिपुरुष’चा अनुभव उलटा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये टीझर आला तेव्हा सैफ अली खानने साकारलेल्या रावणाची दाढी, केशरचना, पुष्पक विमानाऐवजी वटवाघळासारखे वाहन, यांवर टीकेची झोड उठली. दृश्य परिणामांवर पुन्हा काम करण्यासाठी प्रदर्शन जानेवारीतून जून २०२३ मध्ये गेले. प्रदर्शनानंतर काही संवाद बदलावे लागले आणि संवादलेखकाने जाहीर माफी मागितली. प्रश्न श्रद्धेचा होताच. पण भारतीय कथांतला रावण प्रकांड विद्वान आणि शिवभक्तही आहे. हा मोठेपणा गेला, की रामाचा विजयही लहान दिसतो. बाह्यरूप बदलले, त्यामागचे कारण मात्र कथेत सापडले नाही.

चाहत्यांचे ऐकावे का?

ऐकावे, पण सरसकट नव्हे. ‘फँटास्टिक फोर’च्या २००७ मधील दुसऱ्या भागात ‘गॅलॅक्टस’ हा ग्रह गिळणारा महाकाय खलनायक केवळ ढगासारखा दाखवला होता. चाहत्यांनी वर्षानुवर्षे त्याची खिल्ली उडवली. २०२५ च्या ‘फँटास्टिक फोर : फर्स्ट स्टेप्स’मध्ये तो पुस्तकासारखा, पूर्ण देहाने आला. येथे चाहते बरोबर होते.

पण ‘मुळात होते तसेच दाखवा’ या मागणीत कधी जुने पूर्वग्रहही परत येतात. १९६४ चा मँडरिन जशाच्या तसा मागणे म्हणजे एका समाजाचा अपमानही मागणे होते. ‘डॉक्टर डूम’च्या बाबतीत उलट दिशेचा प्रश्न आहे. कॉमिक्समध्ये तो युरोपातील रोमा या उपेक्षित भटक्या समाजातला आहे. ती ओळख प्रसिद्ध अभिनेत्याच्या चेहऱ्याआड पुसली जाईल, अशी काही चाहत्यांची तक्रार आहे. ती केवळ हट्ट म्हणून झटकता येणार नाही.

आता काय पाहावे?

‘डूम्सडे’साठी १८ डिसेंबर २०२६ ही तारीख जाहीर झाली आहे. नवा डूम मुखवट्याआड टोनी स्टार्कच निघाला, तर जुन्या नायकाच्या लोकप्रियतेवर नव्या खलनायकाचा खर्च भागवल्यासारखे होईल. तो स्वतःच्या देशाचा, स्वतःच्या दुःखाचा आणि अहंकाराचा डूम निघाला, तर चेहरा ओळखीचा असूनही प्रेक्षक त्याला घाबरतील. चाहते बदल सोसतात. आपली भीती कुणी फुकट घालवली, तर ते सोसत नाहीत.